ड्रायव्हरची बायको आजारी आहे!

लोकांना वाटतं, ड्रायव्हरचं काम गाडी चालवायचं. छे हो! ड्रायव्हरचं खरं काम थांबायचं. मालक पाहुण्यांच्या घरात शिरले की आपण दाराशी उभे. आत चहा-फराळ, रुसवेफुगवे सगळं चाललेलं असतं आणि आपल्याकडच्या घरांची दारं-खिडक्या सताड उघड्या. किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते आपणहून येऊन मागच्या सीटवर बसतात आणि उतरायचं नाव घेत नाहीत!

मी मूळचा अळणावरकडचा. हुबळीत कोप्पीकर रोडला आमच्या मालकांचं कापडाचं दुकान. घराणं कोल्हापूरकडचं, पण हुबळीत पार मुरलेलं. नवराबायकोचं भांडण मराठीत सुरू झालं की कानडीत संपायचं. मालकीणबाईंना सगळी गल्ली अक्का म्हणायची, म्हणून मीही अक्काच म्हणायचो. दुकानाला सुट्टी असली की दोघांना घेऊन नातेवाइकांकडे जायचं, ही माझी ड्यूटी.

*

मालकांचे चुलतभाऊ दत्तूअण्णा कलघटगीला राहायचे. माणूस लाख मोलाचा, पण पाहुण्याला सोडायचा नाही. "चहा घ्या", मग "जेवूनच जा", मग "आता ऊन किती आहे, पडा जरा!" उठायचं कसं? शेवटी मालकांनी उपाय शोधला.

"अण्णा, निघायला हवं. ड्रायव्हरची बायको आजारी आहे!"

झालं! लगेच सुटका. पुढच्या वेळी पुन्हा तेच. आमची यल्लू वर्षभर कलघटगीत अंथरुणाला खिळलेली होती. प्रत्यक्षात तिला साधी शिंकसुद्धा आली नव्हती.

एकदा दत्तूअण्णांच्या मंडळी हुबळीच्या बाजारात आल्या. समोर आमची यल्लू, मालकांकडच्या कार्यात त्यांनी पाहिलेली, ज्वारीचं पोतं कमरेवर घेऊन तरातरा चाललेली. त्यांनी तिला मिठीच मारली. "उठलीस गं बाई एकदाची! आम्ही तुझ्यासाठी देवाला नारळ बोललो होतो!"

घरी आल्यावर यल्लूने मला समोर उभं केलं. "मी कधी आजारी पडले?"

म्हटलं, "मालकांना लवकर निघायचं असतं तेव्हा!"

*

यल्लूने सक्त ताकीद दिली, "माझं नाव घ्यायचं नाही!" मग मालकांनी आजार माझ्यावरच ढकलला. कलघटगीला ऊन कलताच म्हणाले, "निघतो अण्णा. आमच्या शंकरला अंधारात नीट दिसत नाही."

दत्तूअण्णा ताडकन उठले. "यप्पा! आणि अशा माणसाच्या गाडीतून तू वहिनींना नेतोस?" चप्पल घालून थेट पुढच्या सीटवर येऊन बसले. "चल, मी रस्ता सांगतो."

हुबळीपर्यंत त्यांचं चालूच. "डावीकडं खड्डा! समोर बैलगाडी, बैलगाडी! अरे हळू!" मालक मागे रुमाल तोंडात कोंबून बसलेले. दाराशी पोचलो तेव्हा चांगलाच अंधार पडला होता. दत्तूअण्णांनी घाम पुसला आणि मग त्यांच्या ध्यानात आलं, की त्यांना परत कलघटगीला सोडणार कोण?

मीच की हो! जाताना त्यांनी रस्ता सांगितला नाही. डोळे गच्च मिटून रामनाम घेत होते.

*

नागपंचमीला धारवाडच्या सगळ्या घरांना भेटी द्यायच्या. घरोघरी लाडू. त्या वर्षी अक्कांना नुकतीच शुगर निघाली होती. पण लाडवाला नाही म्हटलं की यजमानीण रुसते. अक्कांनी वाट काढली. "माझ्या वाटचे शंकरला द्या!"

बाहेर ताट यायचं. "ऊट आत?", जेवलास का, असं कुणी विचारायचं नाही, सरळ वाढायचंच. दरवर्षी असंच. अक्कांचा मान मी खायचो. शेवटी चक्कर यायला लागली म्हणून मालकांनी मला अक्कांच्याच डॉक्टरांकडे नेलं. मलाही शुगर!

मला वाटलं, अक्का हळहळतील. त्या काळजीनं मालकांना म्हणाल्या, "अगं बाई! मग आता पंचमीपुरता दुसरा ड्रायव्हर बघायला हवा!"

*

धारवाडला एवढी घरं, पण केलगेरीकडे आमची गाडी कधी वळली नाही. तिथे अक्कांची सख्खी धाकटी बहीण, कमळामावशी. अक्कांच्या थोरल्या मुलीच्या लग्नात घाईगडबडीत मावशींची अक्षत दुकानातल्या माणसाबरोबर गेली होती. सख्ख्या बहिणीला अक्षत आपण स्वतः जाऊन द्यायची असते. मावशी लग्नाला आल्या नाहीत. दोघींचं बोलणं बंद झालं ते झालंच.

मग धाकट्या मुलीचं लग्न ठरलं. लग्नासाठी मालकांनी नवी कोरी गाडी घेतली. पूजा करून बॉनेटवर झेंडूचा हार घातला आणि दुसऱ्याच दिवशी अक्का एकट्याच मागे येऊन बसल्या. मालक "मी येऊ का?" म्हणाले, तर "माझी बहीण आहे, मी बघते!"

रस्ताभर पदराची गाठ चाचपत होत्या. गाठीत अक्षत. धारवाड जवळ आल्यावर म्हणाल्या, "शंकर, ती नाही म्हणाली तर रे? तिच्याशिवाय मांडव कसा घालू मी?"

मला फार वाईट वाटलं. एवढ्या तोंडाळ बाईचा आवाज असा कधी ऐकला नव्हता.

पण मावशींचं दार दिसताच अक्का ताठ झाल्या. "इंजिन बंद करू नकोस! अक्षत दिली की निघायचं. मी पाणीसुद्धा पिणार नाही."

आतलं मला ऐकू येत होतं.

"आलीस?"

"आले."

"दुकानातला माणूस मिळाला नाही वाटतं या वेळी?"

"मिळाला असता. मीच आले."

मग नुसतं माझं इंजिन गुरगुरत होतं. मला ते बंद करावंसं वाटत होतं, पण हुकूम होता.

थोड्या वेळाने मावशीच फाटकापाशी आल्या. डोळे लाल. हळूच म्हणाल्या, "शंकर, बंद कर ते."

"अक्कांनी चालू ठेवायला सांगितलंय."

"ठाऊक आहे मला. राहा म्हणायला माझी जीभ उचलत नाही आणि म्हटलं तरी ती राहायची नाही. तुझी गाडी एखादे वेळी बिघडत नाही का रे?"

आणि उत्तर न ऐकताच आत गेल्या. मी किल्ली फिरवली आणि खिशात टाकली.

लगोलग अक्का बाहेर. पदराची गाठ सुटलेली. "बंद का पडली?"

म्हटलं, "बिघडली, अक्का."

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. मग गाडीकडे बघितलं. हारातली फुलं अजून टवटवीत होती. मागे न वळता त्यांनी आत हाक मारली, "कमळे, गाडी बिघडली गं! जुनी झालीय, आज काही निघत नाही!"

मी मुकाट्यानं हार बाजूला केला, बॉनेट उघडलं आणि आत डोकं घालून उभा राहिलो.

घरातून मावशींचा खणखणीत आवाज आला, "मला वाटलंच! लांबूनच कशी खडखडत येत होती!"