भरती उतरेपर्यंत

आमच्या घरातला देव्हारा दीड वर्ष बंद होता. वडील गेले तेव्हापासून. ते पनवेलच्या एका रुग्णालयात होते. त्या दिवशी संकष्टी होती. आई खालापूरला घरी नैवेद्याचं ताट झाकून अंगणात चंद्राची वाट पाहत होती. चंद्र उगवायच्या आधी फोन आला. तेराव्यानंतर तिने देव्हाऱ्याची दारं लावली आणि कडी घातली. तिने देवाला दोष दिला नाही, कुणाजवळ रडलीही नाही. पाहुण्यांनी विचारलं तर म्हणायची, "झालं ना आता." तिने लग्नापासून संकष्टी कधी चुकवली नव्हती. त्यानंतर संकष्टी कधी आली आणि कधी गेली हे तिने पाहिलं नाही.

मी स्वतः श्रद्धाळू नव्हतो. वृत्तपत्रात बातम्या तपासणं हे माझं काम. जे घडलं ते कुणी पाहिलं, कुणी सांगितलं, एवढंच विचारायची सवय. त्यामुळे देव्हारा बंद झाल्याचं मला दुःख नव्हतं. भीती दुसऱ्याच गोष्टीची होती. देवाबरोबर आईने बाकीचंही सोडून दिलं होतं. भाजी कोणती करायची विचारलं की "तुम्ही म्हणाल ती." दवाखान्यात जायचं का, "न्याल तर येईन." ती चालत होती, जेवत होती, पण तिचं स्वतःचं असं काही मत उरलं नव्हतं. घरातल्या माणसाला असं हळूहळू पुसट होताना पाहणं कठीण असतं.

अलिबागला जायची कल्पना माझ्या पत्नीची, स्मिताची. दोन दिवस समुद्र पाहायचा, मुलीला मासे खायला घालायचे, कुलाबा किल्ला दाखवायचा आणि परत. आईची अट एकच. "देवळात नेणार नसाल तर येते." आम्ही कबूल केलं. किल्ल्यात गणपतीचं देऊळ आहे हे ठाऊक होतं, पण तट आणि बुरूज पाहून परतायचं असं ठरलं.

आखणी मी केली, आणि त्यात एक चूक केली जी आमच्याच भागातला माणूस करू शकतो. आमच्या पाताळगंगेला वरच्या वीजघरातून पाणी सोडतात. ते ठरावीक सुमाराला येतं. लहानपणापासून आम्हाला माहीत, पाणी यायच्या आत धुणं आटपायचं, पलीकडे गेलेल्याने परत यायचं. कर्जतकडे उल्हासचंही तसंच. माझा मेहुणा कर्जतचा. तो आदल्या आठवड्यात अलिबागला जाऊन आला होता. म्हणाला, "भाऊजी, दुपारी कोरड्या पायानं किल्ल्यात गेलो आणि चहाच्या वेळेला कोरड्या पायानं आलो." मी ते तसंच धरून चाललो. दुपारी पाणी नसतं. दोघेही नदीकाठचे. समुद्राची वेळ रोज पुढे सरकते हे आम्ही शाळेत शिकलो होतो, पण अंगात मुरलेलं ज्ञान नदीचं होतं.

आईला गाडी लागते म्हणून ती प्रवासाच्या आधी काही खात नाही. वाटेत वडखळला आम्ही वडे खाल्ले, तिने चहा घेतला. सकाळी अलिबागला पोचलो तेव्हा किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत ओली वाळू उघडी पडली होती. आईसाठी घोडागाडी केली. गाडीवाला किल्ल्याच्या दाराशी उतरवताना म्हणाला, "बिगीबिगी बघून या. मंग माज्या नावानं बोंबलू नका." दुसरी गिऱ्हाइकं गाठायची घाई असेल असं मी मनात म्हटलं आणि मान डोलावली.

आम्ही सावकाश फिरलो. मुलीने तोफांवर हात ठेवून फोटो काढून घेतले. आई तळ्याच्या पायऱ्यांवर देवळाकडे पाठ करून बसली होती. ऊन डोक्यावर आल्यावर आम्ही दाराशी आलो. वाळू गेली होती. मधे पाणी होतं, आणि एकही घोडागाडी नव्हती. मेहुणा दुपारी कोरड्या पायानं आला होता, म्हणजे हे पाणी आता उतरत असणार, असा मी हिशोब केला. पलीकडे माणसं दिसत होती. फार खोल वाटत नव्हतं. मी पुढे झालो, मागे मुलगी, तिच्या मागे आईचा हात धरून स्मिता. पाणी गुडघ्याला लागलं. अजून थोडं गेलो तर ते मांडीपर्यंत आलं आणि पायाखालचा खडक बुळबुळीत लागायला लागला.

तेव्हा आई थांबली. तिने स्मिताचा हात सोडवून घेतला. "मी नाही येत," ती म्हणाली. "तुम्हीही येऊ नका. फिरा मागे." आवाज मोठा नव्हता. पण दीड वर्षात तिने कुणाला काही करायला सांगितलं होतं ते हे पहिलं वाक्य. मी फिरलो. त्याच वेळी दारातला पहारेकरी ओरडत धावत येत होता.

"ओ साहेब! कुठं चाललाय पोरीबाळी घेऊन?"

"पाणी उतरतंय ना?" मी म्हटलं.

"उतरतंय? चढतंय ते! अजून लय चढायचंय."

"मग सोडायची वेळ कुठली?" माझ्या तोंडून आमच्याकडचाच शब्द गेला.

तो कमरेवर हात ठेवून माझ्याकडे पाहत राहिला. "सोडायला काय नळ हाय का तो? कुठनं आलात तुमी?"

"खालापूर."

"तरीच," तो म्हणाला आणि हसला. वारा असल्याने त्या दिवशी होड्या काढल्या नव्हत्या. अंधार पडल्यावर पाणी उतरेल, तोवर इथंच बसायचं. बसायला सावली एकच होती, देवळाची.

आई देवळाबाहेरच्या ओट्यावर बसली. पिशव्या गाडीत, गाडी किनाऱ्यावर. माझी सगळी आखणी, पलीकडे सांगून ठेवलेलं माशांचं जेवण, संध्याकाळचा बाजार, पाण्याच्या त्या बाजूला राहिली. मी चिडलो होतो. दर थोड्या वेळाने तटावर जाऊन पाणी पाहून येत होतो. त्याने पाणी उतरणार नव्हतं, हे मुलीने मला सांगितलं.

देवळात एक बाई आल्या होत्या, पन्नाशीच्या, जवळच्याच गावच्या. दुपारी त्यांनी आईला एक केळं दिलं होतं. त्या दर महिन्याला या दिवशी मुद्दाम भरतीच्या आधी येतात आणि चंद्रोदयाच्या सुमाराला परत जातात, हे नंतर कळलं. त्यांच्या एका बोटाला चिंधी बांधलेली होती. हातातलं दुर्वांच्या पसाऱ्याचं ताट त्यांनी आईपुढे ठेवलं.

"आजी, विळीनं बोट कापलंय बघा. एवढ्या निवडून द्याल?"

"मी देवळात येत नाही," आई म्हणाली.

"येऊ नका की. निवडायला देवळात कशाला याया लागतंय? इथंच बसून करा." आणि जाता जाता म्हणाल्या, "संकष्टी हाय, जुड्या जास्त लागतात."

आई ताटाकडे पाहत राहिली. मग तिने स्मिताला विचारलं, "सकाळपासून तू मला काय दिलंस गं?"

"चहाच फक्त, आई. आणि मघाशी त्या बाईंनी दिलेलं केळं."

दोन्ही उपासाला चालणारं. थोड्या वेळाने तिचे हात ताटात गेले. तीन पानांच्या काड्या एका बाजूला, बाकीच्या दुसऱ्या बाजूला. मुलगी शेजारी बसली. "आजी, ही चालेल?" "ही नको, शेंडा मोडलाय." "मग ही?" "अगं, ते गवत आहे, गाईला घाल." मुलगी हसली आणि आईही हसली. मी तटावर जायचा थांबलो.

इथे एक सांगायला हवं. नोकरीच्या सुरुवातीला चंद्रोदयाच्या आणि भरती-ओहोटीच्या वेळा एका चौकटीत लावायचं काम माझ्याकडे होतं. दोन्ही एकाच चंद्राच्या, पण मी त्या कधी एकत्र वाचल्या नव्हत्या. आज संकष्टी आहे हे मला माहीत नव्हतं. आईला नव्हतं, स्मिताला नव्हतं. मेहुण्याच्या सांगण्यावरून, माझ्या चुकीमुळे, आई उपाशीपोटी बरोबर त्या दिवशी त्या दारात येऊन बसली होती. याचा अर्थ मी लावत नाही. क्रम तेवढा खरा आहे.

संध्याकाळी घंटा वाजली. त्या बाई तळ्यावर हात धुवायला गेल्या होत्या. आत पुजाऱ्यांनी हाक दिली, "दुर्वा आणा हो कुणीतरी." जुड्यांचं ताट आईच्या मांडीवर होतं. मी उठलो, पण स्मिताने मला धरलं. आई ओट्यावर हात टेकून उभी राहिली, पदर सारखा केला आणि ताट घेऊन उंबरा ओलांडून आत गेली. तिची पाठच मला दिसत होती. आरती संपली तरी ती लगेच आली नाही. आत ती काय बोलली, बोलली की नाही, मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही.

पाणी उतरल्यावर पहारेकरी विजेरी घेऊन पुढे झाला आणि आम्ही त्या बाईंच्या मागून निघालो. आता वाळू पायाला घट्ट लागत होती. आई मुलीच्या खांद्यावर हात ठेवून चालत होती. किनारा जवळ आला तेव्हा समोर शहराच्या छपरांमागे, माडांच्या वर चंद्र आला. तांबूस, एका बाजूने किंचित झिजलेला. आई ओल्या वाळूतच थांबली. मुलीच्या हातातली पाण्याची बाटली घेऊन तिने ओंजळीतून अर्घ्य दिलं. बाईंनी आपल्या डब्यातला मोदक तिच्या हातावर ठेवला.

"त्या दिवशीचा उपास मी सोडलाच नव्हता रे," आई मला म्हणाली. "फोन आला, ताट तसंच राहिलं. नंतर जेवले, पण तो सोडला नव्हता." तिने मोदकाचा तुकडा मोडून तोंडात घातला. मग उरलेला माझ्यापुढे धरला. मी घेतला.

माशांचं जेवण त्या रात्री झालं नाही. मुलीने कुरकुर केली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही समुद्र पाहिला, बाजार पाहिला आणि घरी आलो. आईने आल्याबरोबर देव्हाऱ्याची कडी काढली. दारं जरा फुगली होती, मला जोर लावावा लागला. धूळ तिने स्वतः पुसली.

पुढच्या संकष्टीला मी वर्तमानपत्र घेऊन अंगणात गेलो आणि तिला चंद्रोदयाची वेळ वाचून दाखवू लागलो. "राहू दे ते," ती म्हणाली. "डोंगराआडून यायचाय त्याला. दिसेल तेव्हा दिसेल." मी वर्तमानपत्राची घडी घातली आणि तिच्या शेजारी पायरीवर बसलो. आखणी मी अजूनही करतो. पण ती कुठे थांबते आणि पुढे कुणाच्या हातात जाते, ते मला त्या पाण्यात मांडीपर्यंत उभं राहून कळलं. ज्याने मला तिथून मागे फिरवलं, त्याला माझा नमस्कार. तो त्या दिवशी आईच्या आवाजात बोलला, एवढंच मी खात्रीने सांगू शकतो.