पोलादी पट्टीवरची खूण

नोकरीत खून, दरोडे पुष्कळ पाहिले. पण भीतीने हातपाय गार पडले ते एकदाच, आणि तेही बोटभर रुंदीच्या एका पोलादी पट्टीमुळे.

पुण्याजवळच्या हिंजवडीत तेव्हा संगणकाच्या कंपन्या नुकत्याच येऊ लागल्या होत्या. मी सिंहगड रोड भागातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रमुख होतो. एका सकाळी हाडांचे एक डॉक्टर आले. ठाणे अंमलदाराने सवयीने बाकाकडे बोट दाखवलं. डॉक्टर बसले नाहीत. सरळ आत येऊन त्यांनी माझ्या टेबलावर पाकीट उलटं केलं. त्यातून दोन मोडक्या पट्ट्या पडल्या. मांडीचं हाड मोडलं की ते जुळेपर्यंत आत बसवतात, त्या.

"दोन्ही पेशंट नुसते चालत होते," ते म्हणाले. "एक मुलगी ऑफिसचा जिना चढताना कोसळली. दुसऱ्या सत्तरीच्या आजी. पट्ट्या सर्जिकल सामानाच्या एकाच दुकानातल्या. दुकानदार म्हणतो, पेशंट उड्या मारत असतील. आजी उड्या मारतात का हो?"

मी दुकानाचं नाव विचारलं. ते माझ्या ओळखीचं निघालं. चार महिन्यांपूर्वी माझी पत्नी स्कूटरवरून पडली होती. तिच्या ऑपरेशनची पट्टी मी स्वतः त्याच दुकानातून आणली होती.

पंचनामा करून पट्ट्या मुद्देमालात जमा केल्या आणि दुकानदाराला उचलून आणलं. माझा अनुभव असा, की बनेल माणूस प्रश्न विचारण्याआधीच उत्तर देतो. "साहेब, माल शंभर टक्के अस्सल आहे," हा खुर्चीत बसायच्या आत म्हणाला. दोन तास चौकशी केल्यावर कबूल झाला. तिसरी एक पट्टी महिन्यापूर्वीच मोडून परत आली होती आणि याने ती खणात टाकून दिली होती.

"वाटलं, एखादी मोडते. उगाच बोभाटा कशाला?"

माझा हात उठला होता. कसाबसा आवरला.

पट्ट्या धायरीच्या एका शेडमध्ये बनत होत्या. पोलाद भेसळीचं असणार, असं मी धरूनच चाललो होतो. धातूशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी तपासून सांगितलं, पोलाद उत्तम आहे. मग त्यांनी मला भिंगातून बघायला लावलं. स्क्रूच्या भोकाला खेटून ठोकलेली एक बारीक खूण होती. तडा तिथूनच निघाला होता.

"हाड जुळेपर्यंत दर पावलाला ही पट्टी किंचित वाकते," ते म्हणाले. "तार वाकवून वाकवून तोडतो ना आपण? तसंच. आणि तोडायला जागा या खुणेने करून दिली."

शेडमधला फिटर साठीचा होता. मोठ्या कारखान्यातून निवृत्त होऊन इथे लागलेला. खूण दाखवताच त्याने मान ताठ केली.

"माझीच हाय सायेब. हातातून गेलेल्या हरेक नगावर ठोकतो. काम बिघडलं तर नाव माझंच निघावं!"

"मालकाने सांगितलं होतं?"

"कुनी कशाला सांगाया पायजे?"

मी त्याला समजावून सांगितलं. तो मटकन खाली बसला. मग म्हणाला, "किती जनांच्या अंगात हाय वो ह्ये?"

दुकानातून पेशंटांची यादी मिळाली. दोन दिवस आम्ही फोन केले, ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांच्या घरी शिपाई पाठवले. पायावर भार देऊ नका, आज्जिबात चालू नका, डॉक्टरांना गाठा. धीर यावा म्हणून काहींना मी माझ्या घरचाही नंबर दिला.

आणि घरी मी गप्प. पहिल्या ऑपरेशनच्या वेळी पत्नी भुलीतून लवकर बाहेर आली नव्हती. ते तास मी विसरलो नव्हतो. पुन्हा तिला त्या टेबलावर पाठवायचं? उद्या सांगू, म्हणत राहिलो. ती पाण्याची कळशी उचलायची आणि माझा जीव टांगणीला लागायचा. "काय झालं?" तिने विचारलं, तर म्हणालो, "काही नाही."

तिसऱ्या दिवशी घरी आलो तर ती पाय स्टुलावर ठेवून बसली होती.

"मांजरी गावातल्या एक बाई आहेत. त्यांच्या मुलाच्या पायात माझ्यासारखीच, त्याच दुकानातली पट्टी आहे. त्यांचा फोन होता. त्यांना परवाच सांगितलंत म्हणे." आवाज शांत होता. "अहो, मला कधी सांगणार होतात? मोडल्यावर?"

दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन झालं. ती शुद्धीवर आली, मगच मी काढलेली पट्टी बघितली. खूण होती. नखावरच्या रेघेएवढा तडाही पडला होता. दवाखान्याच्या जिन्यात बसून मी ढसाढसा रडलो, वर्दीत.

फिटर साक्षीदार झाला. दुकानदारावर मी दोषारोपपत्र दाखल केलं, कारण त्याला माहीत होतं आणि तो बोलला नाही. मलाही माहीत होतं. मी माझ्या गप्प बसण्याला माया म्हणत होतो, इतकाच फरक. भित्रा माणूस आणि गुन्हेगार यांच्यातलं अंतर किती कमी असतं, हे मला माझ्याच घरात कळलं. माझा जबाब कोणी घेतला नाही. पत्नीनेही त्यावर पुन्हा शब्द काढला नाही. फक्त, आजही मी "काही नाही" म्हटलं की ती हातातलं काम बाजूला ठेवते, समोर येऊन बसते आणि मी खरं बोलेपर्यंत उठत नाही.