ड्रायव्हरच्या गालांवरचे वळ

बसच्या ड्रायव्हरला त्याची बायको रोज बदडते, अशी डेपोत कुजबुज होती. पुरावाही सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. गडी सकाळी कामावर यायचा तो दोन्ही गालांवर लालबुंद वळ घेऊनच.

"काय राव, आज वहिनींनी दोन्ही हात चालवले वाटतं!" कंडक्टर डोळा मारून म्हणायचा.

ड्रायव्हर थकल्यासारखा हसायचा आणि स्टिअरिंग धरायचा. झोपेत आपला श्वास अडकतो हे सांगितलं, तर आपल्या बसमध्ये कोण बसेल? डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज मास्क लावून यंत्राच्या हवेवर झोपलास तरच बस चालव. त्या मास्कचा त्याला वीट आला होता. झोपेत तो ओरबाडून काढायचा.

"लोक मला कैदाशीण म्हणतात, माहितीये?" एकदा रात्री मास्क बांधताना बायको म्हणाली.

"मग पट्टे जरा सैल बांध ना."

"म्हणू देत. तुम्ही स्टिअरिंगवर पेंगलात म्हणजे?" असं म्हणत तिने पट्टा आणखी ओढला.

तिने नवऱ्यावर कधीच हात उगारला नव्हता. ते वळ मास्कच्या पट्ट्यांचे होते, आणि पट्टे तीच आवळत असे.