फ्लॅश न मारता

सत्तरच्या दशकात सीताबर्डीवर माझं कॅमेऱ्याचं दुकान होतं. एकदा कोराडीचा एक कामगार कमी उजेडात चालणारी जुनी लेन्स पाहायला आला. दुकानातल्या सगळ्यांत अंधाऱ्या कोपऱ्यात मला उभं करून त्यानं श्वास रोखून फोटो काढला.

"फ्लॅश काहून नाही वापरत?" मी विचारलं.

"माय दचकते. डोळेच मिटून घेते."

त्यानं लेन्स नेली आणि काही दिवसांनी आईचा फोटो दाखवायला आला. डोळे लख्ख आले होते, पण कान धूसर. मी तसं म्हणताच तो हसला.

"मायले ऐकूच येत नाही, भाऊ. तिचं बोलणं डोळ्यांनीच. पाहा, आताही बोलून राहिली."

इतका वेळ मी त्या फोटोत नुसती लेन्स तपासत होतो. मग त्या माउलीकडे पाहिलं.