बाळखोकल्याचं औषध

ऑफिसात मला सगळे हट्टी म्हणत. प्रोग्रामचं मशीनला कळेल अशा भाषेत रूपांतर करणारा कंपायलर लिहिणाऱ्यांत मी होते. मॅक्रो म्हणजे एक छोटं नाव. प्रोग्राममध्ये ते आलं की कंपायलर त्याच्या जागी त्या नावामागचा सगळा मजकूर उलगडून ठेवतो. पुढे काही बिघडलं की डीबगर घेऊन शोधायला बसायचं, तेव्हा त्यालाही तेच नाव उलगडावं लागतं. उलगडणारा कोड दोघांनी एकच वापरावा, यावर मी अडून बसायचे. डीबगरवाले म्हणत, आम्ही आमचा वेगळा लिहितो, काय फरक पडतो? माझं डोकं तापायचं. काय फरक पडतो ते मी लहानपणीच पाहिलं होतं, आणि ते मीटिंगमध्ये सांगण्यासारखं नव्हतं.

माझे दोन्ही मामा डॉक्टर. थोरल्यांचा दवाखाना अमरावतीला, धाकट्यांचा अकोल्यात, आमच्या घराजवळच. लहान मुलांच्या खोकल्यावर दोघांनी मिळून एक लाल औषध बसवलं होतं. चिठ्ठीवर नुसतं ‘बाळखोकला’ लिहिलं की काम भागायचं. धाकटे मामा ते मोठ्या बरणीत तयार करत आणि सकाळच्या एस.टी.ने अमरावतीला पाठवत. दोन्ही गावांच्या अधल्यामधल्या दर्यापूरकडचा पेशंट ज्या गावची गाडी आधी मिळेल तिकडे जाई. औषध दोन्हीकडे तेच.

मग दोघांचं बिनसलं. एकदा औषध पातळ वाटलं म्हणून थोरले मामा चार पेशंटांसमोर म्हणाले, धाकट्याने पाणी घातलं. ते अकोल्याला पोचलं आणि बरणी जायची बंद झाली. थोरल्यांनी जुन्या कृतीने आपलं आपण करायला घेतलं. बोलणंचालणं संपलं. नाव मात्र कोणीच सोडलं नाही, कारण लोकांचा विश्वास त्या नावावर होता. माझ्या मामांचा ताठाच असा, की घरातलं भांडण ओसरीच्या बाहेर जाता कामा नये.

त्या हिवाळ्यात माझ्या धाकट्या भावाला खोकला झाला. तो नुकता चालायला लागला होता. आम्हाला अमरावतीला थोरल्या मामांकडे मुंजीला जायचं होतं. धाकटे मामा येणार नव्हते, पण निघताना त्यांनी दारात येऊन आईच्या हातात बाळखोकल्याची बाटली दिली. आईने एक डोस तिथेच पाजला.

मूर्तिजापूरला गाडी थांबली. फेरीवाले खिडक्यांशी ओरडत होते, कंडक्टर दार आपटत होता, आणि हा आईच्या मांडीवर हलला नाही. खोकला थांबला म्हणून आईला बरं वाटलं. मला नाही वाटलं. गाडीत तो हमखास रडायचा. मी त्याच्या पायाला चिमटा घेतला, तर त्याने पाय तेवढा आखडला.

दुसऱ्या दिवशी मुंजीच्या गडबडीतही आई वेळेवर डोस देत होती. तो दूध तोंडात धरायचा आणि गिळायचा नाही. श्वास इतका सावकाश चालायचा की पुढचा येईपर्यंत मी माझा रोखून धरायचे. शेवटी आई त्याला उचलून मांडवातून थेट थोरल्या मामांकडे गेली.

“दादा, हा उठूनच नाही राहिला.”

मामांनी छाती तपासली, काय देते म्हणून विचारलं. आईने बाळखोकला सांगितलं, बाटलीही पुढे केली. त्यांनी ती हातातही घेतली नाही. आपल्या औषधात काय असतं हे त्यांना पाठ होतं.

“त्यात झोपेचं काई नाही. खोकून खोकून थकला आहे तो. डोस चुकवू नको.”

आईने डोस चुकवला नाही. पंगती उठायच्या आत तो गेला.

धाकटे मामा मिळेल त्या गाडीने आले. थोरल्यांनी तेव्हा पहिल्यांदा बाटलीचं बूच काढलं, वास घेतला, आणि यात काय घातलं म्हणून धाकट्यांना विचारलं. धाकट्यांनी सांगितलं, खोकला लवकर दबावा म्हणून बोलणं तुटल्यावर ते त्यात अफूचा अर्क घालत होते; डोस नेमून दिलेला होता, आणि पोर गुंगलं तर थांबायचं असतं.

“मले सांगितलं नाही तू,” थोरले म्हणाले.

“तुमी बोलत होते का माह्याशी?”

दोघे डॉक्टर आपापल्या औषधापुरते बरोबर होते. मला त्यांचा अजूनही राग येतो, आणि त्या बरोबर असण्याचा जास्त.

सुतक संपल्यावर थोरले मामा अकोल्याला आले. आई स्वयंपाकघर सोडून दवाखान्यात कधी जात नसे, त्या दिवशी गेली. मी तिच्या मागे. दोघे भाऊ एका टेबलाशी उभे होते. थोरले एकेक जिन्नस मोजून देत होते, धाकटे बरणीत घालत होते, पूर्वीसारखे. अफू नव्हती.

आई दारातच थांबली. “आता काहून एकत्र करून राहिले?” तिने विचारलं.

आईने पदर खोचला, त्यांच्या मधून हात घालून बरणी उचलली आणि मोरीत उपडी केली.