प्रभादेवी ते गिरगाव: करडी गाडी, लाल गाडी आणि शेजारची सीट

आधी माझं भांडण. लाखांची गाडी, आणि आत बसायचं तर पहिल्यांदा ढुंगण टेकवा, मग एकेक पाय उचलून आत घ्या! उतरायला दोन माणसं लागतात. बनवणाऱ्याला आजी नव्हती काय? की होती, पण तिला कधी गाडीत घेतलंच नाही?

बरं, आता रामराम. मी काळाचौकीची, वय बहात्तर, शाळा तिसरीपर्यंत. मी फोनमध्ये बोलते, तो लिहितो, चुकलं की नात सुधारते. तुमच्याही घरात कुणी असली पिसाट गाडी घ्यायला निघालं असेल तर वाचा.

नात म्हणजे वैदेही. तिला दोन जुन्या गाड्या आवडल्या होत्या. एक करडी हॅचबॅक. दिसायला बाजारहाटाची, पोटात इंजिन शर्यतीचं. दुसरी लाल स्पोर्ट्‌स कार. जागा दोनच, इंजिन पाठीमागे. दोन्ही प्रभादेवीच्या एका गाडीदलालाकडे, शेखर त्याचं नाव. वैदेहीचं मन लालवर बसलं होतं. लहानपणापासून खेळण्यातल्या गाड्याही तिला लालच लागायच्या. मी म्हटलं, दोन्ही एकाच रस्त्यावर चालव, मला शेजारी बसवून. जाताना कोस्टल रोडने, म्हणजे वेग कळेल. येताना लालबाग-परळवरून, म्हणजे हाडं कळतील.

पहिल्या रविवारी करडी. सकाळी साडेसहाला निघालो. शेखर मागे बसला आणि तोंड सुरू.

"आजी, शून्य ते शंभर सहा सेकंदांत!"

"आणि शंभर ते शून्य?"

कोस्टल रोडवर ऐंशीच्या वर गेलं की कॅमेरा पकडतो, बोगद्यात तर साठच. मग शंभराची मिजास दाखवायची कुणाला? पण खरं सांगते, वरळीला वैदेहीने पाय दाबला तेव्हा पाठीत कुणीतरी लाथ घातल्यासारखं झालं, आणि मला ते आवडलं. वळणावर गाडी रस्ता सोडत नाही. आत काचा लावून बोलता येतं.

गिरगावात गाडी गल्लीत घालू नका, बाहेर पडायला नाकी नऊ येतात. मोठ्या रस्त्याला लावा आणि चालत या. आठच्या आत पोचलात तर थालीपीठ, लोणी आणि पियूष रांगेशिवाय मिळतं. येताना लालबागला चिवडा घेतला, डिकीत टाकला. ही गाडी कडक आहे, प्रत्येक खड्डा कमरेला कळवते. पण गतिरोधकावर पोट घासत नाही.

दुसऱ्या रविवारी लाल. शेखरला बसायला जागाच नव्हती, म्हणून त्याने वैदेहीच्या स्कूटरची चावी ठेवून घेतली आणि आम्हाला सोडलं. मी आत कशी शिरले ते वर सांगितलंच. रस्ता इतका जवळ दिसतो की चपलेने शिवता येईल. पाठीमागे इंजिन गुरगुरत असतं, पाठ शेकून निघते. करडी लाथ मारते, ही उचलून नेते. वैदेही हसत होती. तिला एवढं हसताना मी बऱ्याच दिवसांनी बघितलं, म्हणून बोगद्यात मला जे ऐकू आलं ते बोलले नाही.

बोगद्यात इंजिनाचा आवाज ऐकायला तिने काच खाली केली होती. त्या आवाजाच्या आत माझ्या कानाशी कुणीतरी श्वास घेतला. मागे जागाच नाही, मागे लोखंड आहे.

गिरगावात माझे पाय बधिर झाले, म्हणून मी आधी उतरले. वैदेही गाडी जरा पुढे लावायला निघाली, तोच आत टिंग, टिंग, टिंग. शेजारच्याने पट्टा लावला नाही म्हणून गाडी ओरडत होती. शेजारची सीट रिकामी. पिशवी माझ्या खांद्याला.

"आजी, सेन्सर बिघडलाय गं. जुनी गाडी आहे."

तिने हात लांब करून रिकाम्या सीटवर पट्टा ओढला, खट्‌कन लावला. गाडी गप्प झाली.

मी वाकून सीटला हात लावला. अर्धा तास मी तिथे बसले होते, शेकलेल्या पाठीने. सीट गार होती. नुसती गार नाही, माठाला हात लावावा तशी.

त्या दिवशी थालीपीठ गेलं नाही. परतताना तिने लावलेला तो पट्टा सोडवून मी बसले, आणि सगळा रस्ता दाराकडे सरकून बसले. एका माणसाच्या सीटवर कुणासाठी सरकत होते ते मलाच विचारू नका. लालबागच्या गतिरोधकावर गाडीचं पोट असं घासलं की फुटपाथवरचे तिघे चुकचुकले. चिवडा ठेवायला पुढे एक खड्डा आहे, त्याला डिकी म्हणतात.

प्रभादेवीला शेखर वाट बघत होता. मी बसल्या जागेवरून विचारलं, "पहिला मालक कोण रे?"

"एकाच मालकाची गाडी आहे, आजी. अगदी जपलेली."

"आणि शेजारी कोण बसायचं?"

त्याने वैदेहीकडे बघितलं. मग म्हणाला, "बायको होती त्यांची."

"होती?"

त्याने फडकं घेतलं आणि पुसलेली काच पुन्हा पुसायला लागला.

आता माझी चूक. वैदेहीने हाताला धरून मला बाहेर ओढलं. दार लावताना मी मागे वळून म्हटलं, "येते हां. ये गो कधीतरी घरी." जन्माची सवय. निघताना कुणाला घरी ये म्हटल्याशिवाय पाय उचलत नाही.

वैदेही खो खो हसली. "आजी, गाडीला घरी बोलावतेस?"

मी गाडीला बोलावलं नव्हतं.

घरी आल्यावर भांडण झालं. "एक धड कारण सांग," ती म्हणाली. "बसायला त्रास होतो, हे सोडून."

"जागा दोन. एक तुझी, एक तिची. मी कुठे बसू?"

मंगळवारी तिने करडी घेतली. मला वाटलं, सुटलो.

शनिवारी सकाळी गाडी चाळीसमोर आणली. चाकांखाली लिंबं, बॉनेटवर जास्वंद, नारळ. आमच्या मालवणी घरात नवी वस्तू आली की गाऱ्हाणं घालतात. एकाने देवाला मोठ्याने सांगायचं, बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. आधी आमचे हे घालायचे, आता मी घालते. म्हणायला तिघं होती: वैदेही, तिचा बाप म्हणजे माझा महेश, आणि शेजारची नलू. गाडीची दारं बंद, काचा वर.

"बा देवा म्हाराजा! माझ्या नातीन गाडी घेतल्यान हा, तिका खंय खरचटू देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या गाडयेत जो कोण बसात, तेका सुखरूप घराक हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

तिघांचं म्हणून झालं. मग एक अजून आलं, मागून, हळू, काचेच्या आतून. बाईचा आवाज.

नलू म्हणाली, "अगो, रेडिओ चालू राहिलाय वाटतं." चावी महेशच्या खिशात होती. वैदेहीचा चेहरा नारळाच्या खोबऱ्यासारखा झाला. तिने बघितलं ते मीही बघितलं: मागच्या काचेवर आतून वाफ धरली होती, बशीएवढी.

महिना झाला. गाडी चांगली आहे, घ्यायची असेल तर करडीच घ्या. घरच्या माणसांना हीच बरी: ओढ तेवढीच, शिवाय चिवडा मावतो आणि म्हातारी मावते. दर रविवारी आम्ही गिरगावला जातो. निघताना मागच्या सीटचा पट्टा मी लावते, नाहीतर गिरगावापर्यंत टिंग टिंग. वैदेही विचारते, भटजी बोलावू का? बोलावलं मी, आता हाकलू कुठल्या तोंडाने? सुखरूप घरी आण, असं देवाला मीच सांगितलंय.

पण घराला रीत असते. म्हणून दिवाळीला पुन्हा गाऱ्हाणं घालेन तेव्हा सगळ्यांनी ऐकून ठेवा, मागे बसलेलीनेसुद्धा: "व्हय म्हाराजा" आधी वैदेहीने म्हणायचं, मोठ्याने. मग महेशने, मग नलूने. गाडीतलीने तोंड उघडायचं नाही.