परबकाकांचा ‘टीप’चा रकाना

परबकाका गेल्याची बातमी मला भिंतीवरच्या पडद्यावर वाचायला मिळाली. रक्तपेढीच्या विश्वस्तांसमोर मी नवी सिस्टीम दाखवत होते, लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडलेला, आणि कोपऱ्यात ऑफिसच्या ग्रुपवरचा मेसेज टपकन उघडला... ‘परबकाका गेले. सकाळी साडेनऊला.’ खोलीतल्या सगळ्यांनी माझ्याबरोबरच तो वाचला. आणि मी काय केलं? मेसेज बाजूला सारला आणि पुढची बारा मिनिटं बोलत राहिले. कुणी थांबवलंही नाही. आता महिना उलटून गेला. नीट रडायलाही झालेलं नाही, नुसतं दमायला होतं. सकाळी उठते तीच दमलेली. बहीण म्हणाली, ‘लिहून तरी काढ गं,’ म्हणून हे लिहायला बसले.

मधुकर परब. मुलुंडच्या आमच्या रक्तपेढीचा कॉम्प्युटर विभाग म्हणजे कित्येक वर्षं हे एकटेच. वडील गिरणीत होते, गाव मालवणच्या अलीकडचं, घर नाहूरला. अकरा वर्षांपूर्वी मी घाटकोपरहून तिथे नोकरीला जाऊ लागले. पहिल्या दिवशी ‘सर’ म्हटलं, तर म्हणाले, ‘सर शाळेत. हंय काका म्हण.’ बुधवारी त्यांच्या डब्यात बांगड्याचं तिखलं असायचं. शेजारच्या टेबलावरच्या शाकाहारी बाईंना आधी सांगून, खिडकी उघडून मगच डबा उघडायचे. मी तापट आहे, हे मला घरचेही सांगतात. काका कधी आवाज चढवायचे नाहीत. त्याचाच मला जास्त राग यायचा, खरं सांगायचं तर. भांडायला समोर कुणी तरी लागतं ना!

आमच्याकडे थॅलेसेमियाची मुलं येतात. या मुलांना दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, जन्मभर. प्रत्येक मुलासाठी काकांनी सात-आठ रक्तदाते ठरवून ठेवले होते. आळीपाळीने एकेकाला बोलावणं जायचं, माणूस यायचा, रक्त देऊन जायचा. मुलांची नोंद डेटाबेसच्या एका टेबलात, म्हणजे तक्त्यात, रक्तदात्यांची दुसऱ्यात. पण या दोन टेबलांचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे डेटाबेसमध्ये काकांनी कुठेही लिहिलेलं नव्हतं. सगळीकडे तेच. टेबलांचं जंगल, आणि एकाचं दुसऱ्याशी नातं नाही. मी विचारलं की म्हणायचे, ‘असूदे गो. माका म्हायत हा.’ मला वाटायचं, आळशीपणा. जुन्या माणसांचं असंच असतं, सगळं डोक्यात, कागदावर शून्य.

मग दोन वर्षांपूर्वी नवी सिस्टीम करायचं ठरलं आणि माझ्या अंगात आलं. हल्ली असं टूल मिळतं की त्याला जुना डेटाबेस दाखवायचा, एक कमांड द्यायची, आणि ते प्रत्येक टेबल वाचून त्याचं मॉडेल, म्हणजे प्रोग्रामला समजेल असं रूप, आपोआप लिहून देतं. टेबलांमधली नातीसुद्धा लिहितं... नोंदवलेली असली तर. मी सगळ्या विभागासमोर कमांड दिली. फायली धडाधड तयार झाल्या. आणि मी मोठ्याने म्हणाले, ‘काका, तुमची वीस वर्षं दहा मिनिटांत आली बघा!’ सगळे हसले. काकाही हसले. मग चष्मा पुसत म्हणाले, ‘सगळी इली?’ मी म्हटलं, ‘सगळी.’ पुढच्याच महिन्यात त्यांच्या स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं निदान झालं आणि ते यायचे बंद झाले. जाताना म्हणाले होते, एकदा बसूया, दोन गोष्टी सांगायच्या आहेत. मी म्हटलं, हो काका, बसू. नाही बसले. वेळच नव्हता म्हणे मला!

नवी सिस्टीम सुरू झाली आणि तिसऱ्या आठवड्यात ममता सिस्टर माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. मुलांचा वॉर्ड त्यांच्याकडे. म्हणाल्या, ‘मॅडम, मुलं येतायत, पण त्यांच्यासाठी रक्तदाते कुठे येतायत? फोनच जात नाहीयेत कुणाला.’ आर्या नावाची नऊ वर्षांची मुलगी दोन दिवस रक्ताविना राहिली. तिची आई बाकावर बसून होती, भांडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. फोन जात नव्हते, कारण कुठला माणूस कुठल्या मुलाचा, हे माझ्या मॉडेलांना ठाऊकच नव्हतं. जुन्या प्रोग्रामला होतं, आणि तो मी अडगळ म्हणून बंद केला होता. वाट लागली होती नुसती. तो जुना प्रोग्राम मी परत चालू करेपर्यंत सिस्टरांनी ओळखीच्या लोकांना हातापाया पडून बोलावलं. मी लॅपटॉप उचलला आणि रविवारी नाहूर गाठलं.

काका उशीला टेकून बसले होते, अर्धे झालेले. काकूंनी चहा आणला. मी मान खाली घालून विचारलं. ‘टीप बघितलंस?’ ते म्हणाले. रक्तदात्यांच्या टेबलात ‘टीप’ नावाचा एक रकाना होता, त्यात काहीबाही आकडे. मी तो कचरा समजून सोडून दिला होता. तो मुलाचा नंबर होता, उलटा लिहिलेला! पूर्वी म्हणे एका रक्तदात्याला मुलाचं नाव कळलं आणि तो वाढदिवसाला त्यांच्या घरी जाऊ लागला, फोटो काढू लागला, शेजाऱ्यांना सांगू लागला. आईबापांना तोंड लपवायची पाळी. तेव्हापासून काकांनी ठरवलं, मुलाची नोंद उघडली तर देणारा दिसता कामा नये, आणि देणाऱ्याची उघडली तर मूल. म्हणून नातं तोडलेलं नव्हतं, झाकलेलं होतं. मी इतकी वर्षं त्याला आळस म्हणत होते.

चार रविवार गेले तसे. काका सांगायचे, मी मॉडेलात लिहायचे. कुठलं टेबल कुणाला बांधलेलं, कुठे नंबर उलटा, कुठे जाणूनबुजून काहीच नाही. त्यांची एक अट होती, लिहिण्याआधी ते नातं साध्या वाक्यात मोठ्याने म्हणायचं. ‘एका मुलाची माणसं अनेक. एक माणूस एकाच मुलाचा.’ स्वयंपाकघरातून काकू विचारायच्या, ‘पाढे म्हणतास काय गो?’ आणि या चार रविवारांनंतर मी जे केलं ते लिहायला हात धजत नाही. टूलने बनवलेल्या फायलीच्या माथ्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं की ही फाइल आपोआप बनलेली आहे, हिच्यात हाताने बदल करू नका. नव्या पोरांना यावरून मीच झापते. कारण टूल पुन्हा चालवलं की ते सगळं नव्याने लिहितं, तुमचं लिहिलेलं पुसून. तरी मी त्याच फायलींमध्ये लिहिलं. काका दमायचे, वेगळी फाइल कुठे उघडत बसू, नंतर हलवू. ऑफिसच्या सर्व्हरवरही टाकलं नव्हतं, पूर्ण झालं की एकदम टाकू. बुधवारी एका टेबलात नवा रकाना वाढला, मी सवयीने कमांड दिली, आणि चार रविवार गेले. भर ऑफिसात मी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला, खरोखरचा. लागला.

पाचव्या रविवारी जिना चढताना वाटत होतं, परत फिरावं. काकांना तेव्हा पाणीसुद्धा चमच्याने द्यावं लागत होतं. मी सांगितलं. ते डोळे मिटून हसले, खोकला येईपर्यंत हसले. काकू माझ्याकडे रागाने बघत होत्या, आणि बरोबरच होतं त्यांचं. मग काका म्हणाले, ‘आता मी नाय सांगूचंय. तू सांग. चुकलंस तर थांबवतंय.’ मी सुरू केलं. एका मुलाची माणसं अनेक... एका पिशवीचा माणूस एकच... अडखळत, चाचपडत, पण येत होतं. तीन रविवार मी म्हणत गेले आणि ते नुसतं बोट हलवायचे. बोट हललं नाही की चुकलं. शेवटच्या रविवारी सगळं म्हणून झालं तेव्हा म्हणाले, ‘बघ. आता इलां सगळां.’ टोमणा होता की शाबासकी, मला अजून कळलेलं नाही. त्या दिवशी मी पाया पडायला हवं होतं, ‘काका, चुकले’ म्हणायला हवं होतं. लॅपटॉप मिटला आणि निघाले. पुढच्या मंगळवारी तो मेसेज आला.

गेल्या शुक्रवारी दुपारी काकूंचा फोन आला. ‘मनीषा, ह्यांच्या फोनवर निरोप इलो हा. उद्या रक्त देऊक येवा म्हणान... काय करू गो?’ मी रक्तदात्यांचं टेबल उघडलं. मधुकर परब, आणि समोर टीपच्या रकान्यात आर्याचा नंबर, उलटा. सात रविवारांत सगळ्या टेबलांची नाती सांगितली या माणसाने, पण स्वतःची ओळ आहे हे नाही सांगितलं. आजारी पडल्यावर, यायचं बंद करण्याआधी, जुन्या प्रोग्रामात त्यांनी स्वतःला वगळलेलं असणार, हातानेच. नव्या सिस्टीमला ते कोण सांगणार? तिने आर्याच्या माणसांपैकी ज्याची पाळी, त्याला बोलावलं. काही चुकलं नव्हतं. सगळं बरोबर चालत होतं, आणि मला ते सहन होईना.

एखाद्या रक्तदात्याला बोलावणं जाऊ नये म्हणून सिस्टीममध्ये कारण निवडावं लागतं. काकांनीच बनवलेली यादी: आजारी, परगावी, नकार, विश्रांती. मृत्यू नाहीच. चिडले मी, वीस वर्षांत कुणी मेलंच नाही की काय! ममता सिस्टरांना विचारलं. त्या सलाईनच्या बाटलीवर नाव लिहीत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, ‘जे गेले, त्यांना काका विश्रांतीतच ठेवायचे. पुढची तारीख नाही लिहायची, बस.’ रक्त दिलं की तीन महिने विश्रांती, मग पुढची तारीख, असा आमचा नियम. ती तारीख रिकामी चालते, एवढं टूलने मॉडेलात लिहून दिलं होतं. का चालते, ते माणसाला विचारावं लागलं. मी रिकाम्या तारखांची यादी काढली. बरीच नावं निघाली. बसून सगळी वाचली.

मग परबांच्या नावासमोर विश्रांती निवडलं, तारखेची चौकट तशीच सोडली आणि काकूंना फोन लावला. म्हटलं, ‘काकू, झालं. आता परत नाही येणार निरोप.’

‘नाय येवचो?’ त्या म्हणाल्या. ‘मगे ह्यो एक निरोप तरी फोनात ऱ्हवांदे गो. मी पुसूचंय नाय.’